चपटा कृमी, विषारी धातू आणि वनस्पतींचे अर्क

संथ ओढ्यातील एखादा दगड उलटून पाहिला, तर त्याच्या खालच्या बाजूस कधी कधी जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, तपकिरी रंगाचा चपटा कृमी चिकटलेला आढळतो. हा प्लॅनेरिया. त्याचे आडवे दोन तुकडे केले, तर पुढच्या तुकड्यास शेपूट आणि मागच्या तुकड्यास डोके फुटते. पीटर सायमन पालास या निसर्गशास्त्रज्ञाने १७६६ साली या शक्तीची नोंद केली. पुढे आनुवंशिकतेवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळवणारे टॉमस हंट मॉर्गन यांनी १८९८ साली तिचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

या पुनर्जननाचे मूळ कृमीच्या शरीरात विखुरलेल्या मूलपेशींत आहे. जखम होताच त्यांचे विभाजन वेगाने होऊ लागते, जखमेपाशी फिकट कोंब दिसू लागतो आणि एक-दोन आठवड्यांत त्यातून डोळे व मेंदूदेखील घडतात. किरणोत्साराने सर्व मूलपेशी नष्ट झालेल्या कृमीत अशी एकच पेशी सोडली असता तिच्या संततीने त्याची सर्व ऊतके पुन्हा घडवली, असे २०११ साली दिसून आले.

पाण्यात कॅडमियमसारखा धातू मिसळला, की या कार्यात विघ्न येते. प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना तो घट्ट चिकटतो, जस्ताची जागा बळकावतो आणि ग्लुटाथायोन या संरक्षक द्रव्याचा साठा कमी करतो. मग ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू साचून पेशींची पटले व जनुकद्रव्य यांना इजा पोचवतात. मूलपेशींचे विभाजन मंदावते आणि नवे डोळे उशिरा उमटतात.

चहाच्या पानांत आणि हळदीत अशा रेणूंना निष्प्रभ करणारी द्रव्ये असतात. त्यांचा अर्क कृमीला वाचवील काय? हे पाहण्यासाठी कापलेले कृमी चार भांड्यांत ठेवावे लागतात. एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात धातू, तिसऱ्यात केवळ अर्क आणि चौथ्यात दोन्ही. डोळे कोणत्या दिवशी दिसू लागले, याची नोंद करावयाची.

समजा, चौथ्या भांड्यातील कृमी दुसऱ्यातील कृमींपेक्षा लवकर सावरले. तरीही अर्क हे औषध ठरत नाही. अर्कातील द्रव्यांनी पाण्यातच धातूला बांधून टाकले असेल, तर कृमीपर्यंत विषच कमी पोचले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून कृमीच्या शरीरातील धातूचेही मोजमाप हवे. शिवाय वनस्पतिजन्य ते निरुपद्रवी, असा नियम नाही. तंबाखूतील निकोटीन हे विषच आहे. तिसरे भांडे त्यासाठीच असते. आणखी एक गुंतागुंत अशी की, जखम झाल्यावर थोडा काळ हेच अतिक्रियाशील रेणू पुनर्जननास चालना देतात. त्यांची निर्मिती पूर्णपणे रोखली, तर पुनर्जननच खुंटते. अर्थात अर्काची मात्रा वाढवीत नेल्याने लाभ वाढेलच, असे नाही.

जपानमधील जिंत्सू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमियम नदीत, तेथून भातशेतीत आणि अखेर माणसांच्या हाडांपर्यंत पोचले. त्यातून उद्भवलेल्या इताई-इताई या वेदनामय रोगाचे कारण तेथील शासनाने १९६८ साली मान्य केले. अशा नदीकाठच्या माणसाला बशीतील कृमीवर गुणकारी ठरलेल्या अर्काचे आश्वासन देणे सोपे आहे. परंतु कृमीवरून माणसापर्यंतची वाट लांबची आहे. तोवर धातू पाण्यात मिसळूच न देणे, हाच खात्रीचा उपाय होय.