संदेशाचे दोन कप्पे

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही तार पाहिली आहे का? बहुधा नसेल. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा. ते सांगतील, की दारात तारवाला दिसला म्हणजे सगळ्यांची छाती धडधडायची.

तारेत शब्दागणिक पैसे पडत. म्हणून लोक मोजकेच शब्द लिहीत. शुभेच्छांसाठी मात्र तारखात्याने एक चांगली सोय केली होती. दिवाळी, ईद, लग्न अशा प्रसंगांची ठरावीक वाक्ये तयार करून त्यांना क्रमांक दिले होते. पाठवणारा फक्त क्रमांक निवडत असे. तारेवरून तेवढाच आकडा जाई. पलीकडच्या तारघरातील बाबू आपल्याजवळची यादी पाही आणि त्या क्रमांकाचे पूर्ण वाक्य कागदावर लिहून देई. समजा, सेलूहून एक आकडा निघाला, तर हैदराबादला पोहोचून त्याचे ‘ईद मुबारक’ होत असे!

तार गेली, पण ही युक्ती गेली नाही. आज ती मोबाइलमध्ये रोज वापरली जाते. कशी, ते आपण पाहू.

मोबाइल टेबलावर पडलेला असतो. अचानक तो ‘टिंग’ असा वाजतो आणि पडद्यावर एकदोन ओळी दिसतात. यालाच पुश नोटिफिकेशन म्हणतात. पुश म्हणजे ढकलणे. आपण मागितली नसतानाही ही सूचना आपल्याकडे ढकलली जाते, म्हणून तिचे हे नाव.

आपल्या सेलूच्या शिवारातलेच उदाहरण घेऊ. मृगाच्या तोंडावर कापूस आणि सोयाबीनच्या पेरणीची घाई चालू असते. दुपारनंतर आभाळ भरून येते आणि विजा कडाडू लागतात. मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात. अशा वेळी सावध करण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे अ‍ॅप तयार केले आहे. मोबाइल जिथे असेल, त्याच्या २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात विजा पडत असतील, तर ते इशारा देते.

आता आपण असेच एक काल्पनिक अ‍ॅप मनात धरू. त्याचा इशारा शेतकऱ्यापर्यंत कसा येईल?

प्रथम पत्ता हवा. टपालासाठी आपण पिनकोड लिहितो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सुचवलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सेलूचा पिनकोड ४३१५०३ आहे. मोबाइलवरील प्रत्येक अ‍ॅपलाही असाच एक लांबलचक पत्ता मिळतो. त्याला टोकन म्हणतात. अ‍ॅप काढून पुन्हा बसवले, की टोकन बदलू शकते. म्हणून अ‍ॅप चालवणाऱ्यांना पत्त्यांची वही नेहमी ताजी ठेवावी लागते.

संदेश अ‍ॅपच्या संगणकातून निघतो, पण तो थेट मोबाइलवर येत नाही. वाटेत एक मोठे टपालघर असते. ॲपलच्या फोनसाठी ॲपल कंपनीचे टपालघर २००९ पासून आहे. ॲण्ड्रॉइड फोनसाठी गूगलचे आहे. त्याची आजची सेवा ‘फायरबेस’ या नावाने २०१६ मध्ये सुरू झाली. ही सेवा ॲपलच्या फोनसाठीचा संदेशही घेते आणि तो ॲपलच्या टपालघराकडे सोपवते.

आता लिफाफा उघडून पाहू. लिफाफा हा शब्द तुमच्या उर्दूत आहे आणि आमच्या मराठीतही आहे. संदेशाच्या लिफाफ्यात दोन कप्पे असतात. पहिला कप्पा माणसासाठी. त्यात डोळ्यांना दिसणारी ओळ असते : ‘सावधान! जवळच विजा पडत आहेत.’ दुसरा कप्पा अ‍ॅपसाठी. तो आपल्याला दिसत नाही. त्यात खास माहिती अशी जोडीजोडीने लिहिलेली असते :

प्रकार : वीज
गाव : सेलू
अंतर : ९
वेळ : दुपारी ३ वाजून ४० मिनिटे

डावीकडे नाव आणि उजवीकडे त्याची किंमत. शेतकऱ्याने सूचनेवर बोट ठेवले, की अ‍ॅप हा दुसरा कप्पा वाचते. ‘प्रकार : वीज’ दिसले तर विजेचा नकाशा उघडते. त्या जागी ‘धरण’ असते, तर निम्न दुधना धरणातून सोडलेल्या पाण्याचे पान उघडले असते. तारबाबू आकडा पाहून वाक्य लिहीत असे, तसेच हे काम आहे.

यात भाषेचीही सोय होते. कप्प्यात फक्त ‘वीज’ हा प्रकार आला, तरी आपले पान अ‍ॅप एका घरी मराठीत दाखवील आणि शेजारच्या घरी उर्दूत. माहिती एकच, वाचणारे दोघे.

मात्र या कप्प्याचे काही नियम आहेत. ते मोडले, तर घात होतो.

पहिला नियम मापाचा. सारा संदेश ४०९६ बाइटमध्ये बसला पाहिजे. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागते, उर्दू अक्षराला २ आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३. आपल्या काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणून कप्प्यात लांब मजकूर न भरता छोटी खूण पाठवावी. बाकीचे अ‍ॅपने मागून आणावे.

दुसरा नियम आकड्यांचा. फायरबेसच्या या कप्प्यात सारी माहिती अक्षरे म्हणूनच जाते. ‘९’ हा आकडा राहत नाही, ते एक अक्षर होते. समजा, वीज १० किलोमीटरच्या आत असेल तर पडदा लाल करायचा आहे. अ‍ॅपने ‘९’ आणि ‘१०’ यांची तुलना अक्षरे म्हणून केली, तर काय होईल? शब्दकोशात आपण पहिले अक्षर आधी पाहतो. ‘१०’ चे पहिले अक्षर १ आहे आणि ते ९ च्या आधी येते. म्हणून अ‍ॅप ९ ला १० पेक्षा मोठे समजेल! पडदा लाल होणार नाही आणि शेतकरी झाडाखालीच उभा राहील. यासाठी अक्षरांचे आधी आकड्यात रूपांतर करायचे आणि मगच तुलना करायची.

तिसरा नियम वेळेचा. मोबाइल बंद असेल किंवा रेंज नसेल, तर टपालघर संदेश राखून ठेवते. मग कालच्या विजेचा इशारा आज सकाळी मिळू शकतो. असे दोनदा झाले, तर लोक खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवणार नाहीत. म्हणून संदेशाला मुदत घालावी आणि कप्प्यात वेळही लिहावी.

चौथा नियम गुप्ततेचा. पासवर्ड किंवा बँकेची माहिती या कप्प्यात कधीही ठेवू नये.

आणखी एक अडचण उरते. संदेश येतो तेव्हा अ‍ॅप तीनपैकी एका अवस्थेत असते. ते पडद्यावर उघडे असेल, मागे दडलेले असेल किंवा पूर्ण बंद असेल. शाळेचेच पाहा ना! वर्ग चालू असताना पत्र आले, तर गुरुजी ते लगेच वाचतात. मधल्या सुट्टीत आले, तर सुट्टी संपल्यावर वाचतात. शाळेला कुलूप असेल, तर पत्र पेटीत पडून राहते. सकाळी दार उघडल्यावर आधी पेटी पाहावी लागते. अ‍ॅपनेही तसेच करावे. बंद अवस्थेतून जागे होताच त्याने विचारावे, ‘मला कोणत्या संदेशाने उठवले?’ हे विचारायचे राहिले, तर नकाशाऐवजी नुसते पहिले पान उघडते.

ॲण्ड्रॉइड आणि ॲपल यांच्या या बाबतीतील रीती थोड्या वेगळ्या आहेत. एकदाच लिहून दोन्हीकडे चालणारे अ‍ॅप बनवण्यासाठी ‘रिॲक्ट नेटिव्ह’ आणि ‘फ्लटर’ अशी साधने आहेत. तरीही तिन्ही अवस्था दोन्ही प्रकारच्या फोनवर तपासून पाहाव्या लागतात. म्हणजे एकूण सहा परीक्षा झाल्या. एकही टाळून चालत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी असे अ‍ॅप तयार करील. त्या वेळी लक्षात ठेवा, की न दिसणाऱ्या कप्प्यातील एका चुकीची किंमत शिवारातल्या माणसाला मोजावी लागते.

आणि एक गोष्ट आजच लक्षात ठेवा. इशारा उशिरा येऊ शकतो, कधी येणारही नाही. म्हणून आभाळाकडेही पाहावे. आवाज एक किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद घेतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि त्यांना ३ ने भागा. वीज किती दूर पडली, ते कळेल. गडगडाट ऐकू आला, की झाडाखाली थांबू नका. पक्क्या घरात जा. तुमचे अब्बा किंवा शेजारचे काका मोबाइल घरी ठेवून शेतात गेले असतील, तर दुसऱ्याच्या मोबाइलवर फोन करून त्यांना निरोप द्या. शेवटचा टपालवाला कधीकधी आपल्यालाच व्हावे लागते.