जुनी साडी मध्ये, नवी पायपिंग कडेला



रेडमंडमधल्या आपल्या घरांत क्लोजेटच्या वरच्या फळीवर एक बॅग हमखास असते. आजीची नऊवारी, आईची मऊ झालेली सुती साडी, कधीतरी सामानात आलेली सोलापुरी चादर. वापरायच्या पलीकडे गेलेलं, पण टाकवत नाही असं सगळं त्यात असतं. बरं, देऊन टाकू म्हटलं, तर फाटलेले आणि डागाळलेले कपडे दानपेटीत न टाकता कचऱ्यातच टाका, असं किंग काउंटी सांगते. चांगल्या कपड्याला दुसरं घर मिळतं, विरलेल्या साडीला नाही.

अशा कापडाची उशी, एप्रन किंवा पिशवी घरच्या मशीनवर करता येते. फक्त ती टिकायला हवी. जुन्या साडीचा अभ्रा दोन-चार धुण्यांत फाटतो तो बहुतेक वेळा शिवणीपाशी, कारण घासणं आणि ताण दोन्ही कडेला बसतात. म्हणून या लेखाचा एकच नियम: जुनं कापड मध्ये, नवं कापड कडेला. आणि कडेचं काम करते ती पायपिंग.

पायपिंग म्हणजे काय?

ब्लाउजच्या गळ्याला जी बारीक गोल कड असते, तीच. कापडाची पट्टी दोरीभोवती दुमडायची आणि दोन कापडांच्या शिवणीत बसवायची. दिसायला छान दिसतेच, पण शिवण जरा वाकडी गेली तर लपते आणि घासणं साडीऐवजी पायपिंगवर येतं.

पट्टी मात्र उरेब, म्हणजे तिरकी कापलेली हवी. कापडात ताणा उभा आणि बाणा आडवा. या दोन्ही दिशांना कापड फारसं ताणत नाही. ४५ अंशांत ओढलं की धाग्यांचे चौकोन कलतात आणि कापड ताणलं जातं. म्हणूनच उरेब पट्टी कोपऱ्यावर, गोलाईवर चुण्या न पडता वळते. सरळ कापलेली पट्टी तिथे गोळा होते. इंजिनिअरिंगला स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको!

थोडा हिशोब

इथे कापड अजून यार्डावर मिळतं. यार्ड म्हणजे आपला वार, ३६ इंच. म्हणजे नऊवारी इथल्या दुकानातही नऊवारीच!

पट्टीची रुंदी = दोरीचा घेर + दोन्ही बाजूंची माया. दोरी ४ मिलिमीटर जाड असेल तर घेर साधारण अर्धा इंच. माया अर्धा-अर्धा इंच. एकूण दीड इंच.

१८ इंची चौकोनी उशीचा परीघ ७२ इंच. जोडासाठी ४ इंच धरून ७६ इंच पायपिंग लागेल.

पट्टीची लांबी = कापडाचं क्षेत्रफळ भागिले पट्टीची रुंदी. क्विल्टिंगच्या दुकानात १८ x २२ इंचांचा तुकडा 'फॅट क्वार्टर' नावाने मिळतो. ३९६ भागिले दीड म्हणजे २६४ इंच. कागदावर तीन उशा होतात. पण कोपऱ्यांचे तुकडे आणि जोड यांत बरंच जातं, म्हणून दोनच धरा.

साहित्य

मशीन, झिपर फूट (दोरीला अगदी लगटून टीप मारण्यासाठी हा हवाच), पायपिंगची दोरी, नवं सुती कापड, टाचण्या, इस्त्री. भारतातून मोटरची मशीन आणायचा विचार असेल तर थांबा: ती २३० व्होल्टची आणि इथे १२० व्होल्ट. हाताने फिरवायची असेल तर प्रश्नच नाही.

कापड आणि सुती दोरी आधी धुवून ड्रायरमधून काढा. इथल्या गरम ड्रायरमध्ये दोरी नंतर आटली तर कड कायमची चुरगळते. लाल, गडद रंगाच्या साडीवर ओला पांढरा रुमाल दाबून रंग जातो का पाहा. साडी फार विरली असेल तर मागे साध्या सुती कापडाचं अस्तर धावदोऱ्याने जोडा आणि दोन्ही मिळून एकच कापड समजा.

कृती

१. पायपिंगच्या कापडाची उभी कड आडव्या कडेवर आणून दुमडा. घडीची रेघ ४५ अंशांची. तिला समांतर दीड-दीड इंचावर रेघा मारून पट्ट्या कापा.

२. दोन पट्ट्यांची टोकं काटकोनात, सुलट बाजू समोरासमोर ठेवून तिरकी टीप मारा. जादा कापड कापून जोडाला इस्त्री करा. तिरक्या जोडाची जाडी एका जागी साठत नाही.

३. पट्टीत दोरी ठेवून दुमडा आणि झिपर फूटने मोठ्या टाक्याची टीप घाला. अगदी चिकटून नको, शेवटच्या टिपेसाठी एक-दोन धाग्यांची जागा राहू द्या.

४. साडीचा १९ इंची चौकोन घ्या. सुलट बाजूवर पायपिंग ठेवा, माया बाहेरच्या कडेला. सुरुवात खालच्या बाजूच्या मध्यावर करा, कोपऱ्यात नाही. पहिले दोन इंच मोकळे सोडा.

५. कोपरा आला की पायपिंगच्या मायेला तीन छोटे काप द्या, टिपेपर्यंत पोचू न देता. कोपरा किंचित गोल वळवा.

६. शेवटी पायपिंग एक इंच जास्त ठेवून कापा. पट्टी उसवा आणि दोरीची दोन्ही टोकं एकमेकांना भिडतील अशी कापा. पट्टीचं टोक आत दुमडून दुसऱ्यावर गुंडाळा आणि टीप पुरी करा.

७. मागच्या बाजूला १९ x १३ इंचांचे दोन तुकडे. प्रत्येकाची एक लांब कड एक इंच दुमडून शिवा. दोन्ही उलटे ठेवले की मध्ये पाच इंच एकावर एक येतात. चेनची गरज नाही! चारही बाजूंनी, आधीच्या टिपेच्या किंचित आतून, दोरीला लगटून टीप मारा आणि उलटवा.

एप्रन आणि पिशवी

एप्रन सारखा धुतला जातो, म्हणून त्याला दोरीशिवाय चपटी पायपिंग बरी. छातीच्या बाजूची गोलाई आणि खिशाचं तोंड, एवढ्या दोनच जागा पुरे.

पिशवीसाठी सोलापुरी चादर उत्तम. वॉशिंग्टन राज्यात ऑक्टोबर २०२१ पासून दुकानांत पातळ प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, दुसरी पिशवी मागितली तर पैसे पडतात. म्हणजे ही पिशवी रोज वापरात येणार. इथे ६ मिलिमीटरची दोरी घ्या (पट्टी पावणेदोन इंच), म्हणजे कड ताठ राहून पिशवीचा आकार टिकतो. मशीनला १६ नंबरची सुई लावा. जाड थर आले की पॅडल सोडून चाक हाताने फिरवा. बंद जिथे जोडाल तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी टीप घाला.

जरीच्या जुन्या रेशमी साडीबद्दल मात्र जपून. जुनं रेशीम घडीवर चिरतं. त्याची पायपिंग करू नका, ताणली की फुटेल. काठाचा धड तुकडा अस्तरावर बसवून उशीच्या मध्यभागी लावा.

पहिला प्रयोग जुन्या बेडशीटवर करा. आणि साडीला कात्री लावण्याआधी घरी एक फोन जरूर करा. कुठली साडी कापलेली चालेल आणि कुठली अजिबात नाही, हे आईलाच ठाऊक असतं. कापलेली साडी परत जोडता येत नाही. शिवाय उरेब पट्टी कशी धरायची, हे आई किंवा मावशी व्हिडिओ कॉलवर या लेखापेक्षा चांगलं दाखवतील!