हळद न लागलेली पत्रिका

ऑगस्ट २०२५. हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचं आवतन आलं. नंबर अनोळखी, लग्नाला जरूर या असा आग्रह, ३० ऑगस्ट ही तारीख आणि खाली पीडीएफसारखी दिसणारी पत्रिका. कोणाकडचं कार्य आहे हे बघायला माणूस पत्रिका उघडतोच; त्यांनीही उघडली. खात्यातून एक लाख नव्वद हजार रुपये गेले आणि प्रकरण पोलिसांच्या सायबर विभागाकडे पोचलं.

याच जिल्ह्यातलं वसमत हे हळदीचं गाव. इथल्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पत्रिकेला हळदकुंकवाचं बोट लागल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही. पहिली देवापुढे, मग भावकी, मग सोयरेधायरे. आता निम्मी आवतनं मोबाइलवरच येतात, तरी मान तोच. दारात आलेलं आवतन कोणी परत पाठवत नाही, हे चोरांनी बरोबर हेरलं.

त्या पत्रिकेच्या पोटात होती एपीके फाईल. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवण्याचं गाठोडं. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते आणि ती नुसती उघडते. एपीके उघडत नाही, ती ‘इन्स्टॉल’ होते, आणि त्याआधी फोन विचारतो: अनोळखी ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप बसवायचं का? मेसेज वाचू द्यायचे का? पत्रिका बघायच्या घाईत ‘अलाउ’, ‘अलाउ’ असं दाबत गेलं की आत शिरलेला प्रोग्रॅम बँकेचा ओटीपी मालकाच्या आधी वाचतो. लग्नपत्रिकेला आपले मेसेज कशाला वाचायचे असतात, एवढा एक प्रश्न त्या क्षणी सुचला तर पुढचं सगळं टळतं. वाहतुकीचं चलन आणि बँकेची ‘केवायसी’ ही याच गाठोड्याची दुसरी वेष्टनं.

युक्ती मात्र जुनीच. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस ईमेलला जोडलेलं प्रेमपत्र बनून जगभर फिरला. फाईलच्या नावात ‘टीएक्सटी’ दिसायचं, म्हणजे साधा मजकूर. त्यामागचं ‘व्हीबीएस’ हे खरं, प्रोग्रॅमचं शेपूट विंडोज लपवून ठेवायचं. लोकांनी प्रेमपत्र उघडलं, फायली पुसल्या गेल्या, आणि त्यांच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तेच प्रेमपत्र रवाना झालं. २००० साली प्रेमपत्र, २०२५ साली लग्नपत्रिका. प्रकरण मार्गी लागायला पंचवीस वर्षं लागली म्हणायची! विंडोज आजही फाईलचं शेपूट मुळात लपवूनच ठेवतं. फाईल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण केली की बिल म्हणून आलेल्या फाईलच्या नावामागचं ‘ईएक्सई’, म्हणजे प्रोग्रॅमचं शेपूट, उघडं पडतं.

प्रत्येक वेळी बोट दाबावंच लागतं असं नाही. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ पसरला तो विंडोजमधल्या एका भोकातून, मालकानं काहीही न उघडता, दीडशेच्या आसपास देशांत. मायक्रोसॉफ्टनं ते भोक बुजवणारं ठिगळ १४ मार्चलाच दिलं होतं. ज्यांनी ‘अपडेट’ पुढं ढकललं ते सापडले. तालुक्याच्या गावी हा ‘अपडेट’चा प्रश्न अवघड आहे. जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर बऱ्याचदा चालत नाही म्हणून डीटीपीवाला जुनीच आवृत्ती सांभाळतो, आणि गावभरचे पेनड्राइव्ह त्याच संगणकाला लागतात. फोल्डर गायब होऊन जागोजागी शॉर्टकट दिसायला लागले की समजायचं, कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून पाहुणा आला. असा संगणक ठेवायचाच असेल तर त्याचं इंटरनेट काढून टाकावं आणि बाहेरचा पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर तपासून घ्यावा. विंडोज १० चा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे अशा संगणकांची संख्या वाढणारच.

मोठ्यांचीही सुटका नाही. २०१६ च्या मे महिन्यात मंत्रालयातल्या सुमारे दीडशे संगणकांना ‘लॉकी’नं गाठलं. हा खंडणीखोर प्रोग्रॅम फायलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. मार्च २०२१ मध्ये तशीच वेळ एमआयडीसीवर आली. यावर खरा उतारा एकच: कामाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवायची. लावून ठेवली तर तिलाही कुलूप.

अँटिव्हायरसवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी काटकर बंधूंची गोष्ट आठवावी. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, पुढे संगणकही. दुरुस्तीला येणारे कित्येक संगणक व्हायरसनं बिघडलेले असत. धाकट्या भावानं, संजयनं, त्यावर उतारा लिहिला आणि त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. उतारा तयार झाला तो आजार समोर आल्यावर, आणि त्या धंद्याचं गणित अजूनही बरंचसं तसंच आहे. ओळखीचा चोर लगेच पकडला जातो. काल रात्री जन्मलेला कधी पकडला जातो, कधी निसटतो.

एपीके बसवलीच तर आधी फोनचं नेट बंद करावं. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवावं आणि १९३० हा सायबर मदत क्रमांक लावावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोचली तर ते वाटेत अडवता येतात, म्हणून इथे लाजण्यात वेळ घालवणं महाग पडतं.

आणि त्या आवतनातली तारीख पुन्हा पाहण्यासारखी आहे. ३० ऑगस्ट २०२५. चातुर्मास चालू, घरोघरी गणपती बसलेले, दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या यायच्या. काढीव मुहूर्त धरला तरी मराठवाड्यात त्या दिवशी मांडव कोण घालतो?