प्रवासी झाडे – लेखांक ९ : उणे पंधराचा आकडा

चहाची रोपे काचेच्या पेट्यांत घालून हिमालयापर्यंत पोचवणारा रॉबर्ट फॉर्च्यून मागच्या लेखांकात आपल्याला भेटला. त्याच धामधुमीत या स्कॉटिश गृहस्थाने चीनमधून आणखी एक झाड बाहेर काढले. चहाचा एवढा गवगवा झाला, की या दुसऱ्या झाडाची फारशी दखल कुणी घेतली नाही. १८४९ साली त्याने एका पामची काही रोपे लंडनच्या क्यू उद्यानात पाठवली आणि तिथले संचालक विल्यम हूकर यांना कळवले, की यातले एक प्रिन्स अल्बर्टच्या ऑस्बोर्नच्या बागेसाठी धाडून द्यावे. हा पाम इंग्लंडच्या हिवाळ्यात उघड्यावर तग धरेल, असा त्याचा दावा होता.

खरे तर हे झाड युरोपला अगदीच नवे नव्हते. जपानमध्ये डचांच्या वखारीत डॉक्टर म्हणून राहिलेल्या फिलिप फॉन सीबोल्डने १८३० साली त्याच्या बिया हॉलंडमधल्या लायडनला आणल्या होत्या. त्या रुजल्या, वाढल्या, आणि काचघरात शेगडीच्या उबेला बसल्या. पाम म्हटला की उष्ण प्रदेश, दमट हवा आणि निळा समुद्र, हे समीकरण माळ्यांच्या डोक्यात पक्के होते. बाहेर लावून बघावे असे फारसे कुणाच्या मनात आले नाही. फॉर्च्यूनने मात्र हे झाड त्याच्या मूळ भूमीत पाहिले होते. चच्यांग प्रांतातल्या डोंगरउतारांवर आणि चुसान बेटावर हिवाळ्यात बर्फ पडतो, आणि त्यातही हा पाम हिरवागार उभा असतो. त्याच्या खोडाभोवती तपकिरी तंतूंचे जाड आवरण असते. चिनी शेतकरी ते सोलून त्याचे दोर वळतात, कुंचले करतात, आणि पावसात अंगावर घ्यायला त्यापासून जे झगे विणतात ते पाहून कोकणातल्या माणसाला आपले इरलेच आठवेल.

क्यूला उघड्यावर लावलेले रोप जगले आणि फॉर्च्यूनचे म्हणणे खरे ठरले. आज हे झाड त्याच्याच नावाने ओळखले जाते, ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. रोपवाटिकांत मात्र त्याला चुसान पाम म्हणतात. स्कॉटलंडचा पश्चिम किनारा, कॅनडातल्या व्हँकुव्हरचा समुद्रकाठ, स्वित्झर्लंडमधली तळ्याकाठची गावे, सगळीकडे तो दिसतो. रोपाच्या कुंडीला एक चिठ्ठी अडकवलेली असते आणि तिच्यावर ठळक छापलेले असते: उणे १५ अंश सेल्सियसपर्यंत टिकतो.

हा आकडा खोटा नाही. पण उत्तरेकडच्या बागांत जेवढे पाम मरतात, त्यातले बरेचसे या आकड्यावर विसंबल्यामुळे मरतात, असे माझे मत आहे.

त्यासाठी आधी पाम हे झाड आतून कसे असते ते बघावे लागेल. आंब्याच्या किंवा वडाच्या खोडात सालीखाली एक जिवंत थर असतो. तो वर्षानुवर्षे नवे लाकूड घडवतो, जखम झाली तर ती भरून काढतो, आणि फांदी मोडली तर बाजूचा डोळा फुटतो. पाम एकदल वर्गातला. त्याच्याकडे असा थर नाही. खोडाला एकदा जखम झाली की ती कायमची. आणि वाढ करणारा कोंब असतो एकच, शेंड्यात, पानांच्या देठांच्या गुंडाळीत खोलवर दडलेला. गेंड्या भुंग्याने शेंडा पोखरला, कोंब कुजला, की माड गेला, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. चुसान पामचे शरीरशास्त्र तेच. काही पामना बुंध्याशी पिले फुटतात, त्यांना दुसरी संधी असते. एकखोडी पामला ती नाही.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की नावाचे गाव आहे. तिथल्या समुद्रकाठच्या ‘पाम’ची चित्रे पर्यटनाच्या जाहिरातींत हमखास असतात. ती बहुतेक झाडे न्यूझीलंडची कॉर्डिलाइन, म्हणजे पाम नव्हेतच. डिसेंबर २०१० च्या कडाक्याच्या थंडीत ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये कॉर्डिलाइन वरून पार झडून गेली, खोडे पिचपिचीत झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांतल्या अनेकांना बुंध्यातून नवे धुमारे फुटले. खऱ्या पामला ही सोय नाही, म्हणूनच त्याच्या बाबतीत एकच प्रश्न महत्त्वाचा: कोंब वाचला का?

आता थंडी नेमके काय करते ते पाहू. पेशींच्या मधल्या जागेत पाणी गोठते आणि पेशींमधले पाणी बाहेर खेचून घेते. पेशी आतून कोरड्या पडत जातात. काही प्रमाणात हे सोसता येते, म्हणून तर पान गोठूनही परत सुधारते. ठरावीक मर्यादेपलीकडे पेशींची पातळ आवरणे फाटतात आणि तिथून परतीचा रस्ता नाही. मेपल किंवा ओकसारखी झाडे हिवाळ्याआधी पाने टाकून, कळ्यांना खवल्यांचे कवच घालून झोपी जातात. पाम झोपत नाही. त्याची पाने डिसेंबरात स्वच्छ उन्हात बाष्पोत्सर्जन करत असतात आणि त्याच वेळी मुळांभोवतीची माती गोठलेली असते. म्हणजे वरून खर्च चालू आणि खालून आवक बंद.

म्हणून ‘किती उणे’ यापेक्षा ‘किती वेळ उणे’ हे अधिक महत्त्वाचे. पहाटेचे दोन तास उणे १४ आणि दुपारी वर ५, असा दिवस प्रौढ चुसान पाम फारशी तक्रार न करता काढतो. दिवसरात्र उणे ८, तेही आठवडाभर, यात तोच पाम जाऊ शकतो. मोठ्या झाडाच्या गाभ्यापर्यंत गारठा पोचायला वेळ लागतो, हे त्याचे भांडवल असते. पेन्सिलीएवढ्या खोडाच्या रोपाकडे ते नसते. चिठ्ठीवरचा आकडा मोठ्या, स्थिरावलेल्या झाडाचा असतो. विकत मिळते ते रोप.

दुसरा शत्रू ओल. शेंड्याच्या पेल्यात पाणी साठते, रात्री गोठते, दिवसा वितळते, पुन्हा गोठते. कोंबाभोवतीच्या कोवळ्या पेशी अशा चार-सहा फेऱ्यांत मरतात, आणि मेलेल्या भागावर जिवाणू-बुरशीचे काम सुरू होते. कोरड्या उणे १२ पेक्षा भिजलेले उणे ७ वाईट, असे अनुभवी माळी म्हणतात ते याचमुळे.

तिसरी गोष्ट हिवाळ्याची नाहीच, उन्हाळ्याची आहे, आणि ती जवळजवळ सगळेच विसरतात. जगातला सर्वांत थंडीसोशिक पाम चुसान नव्हे. तो मान अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या नीडल पामचा. बुटका, झुडपासारखा पसरणारा, खोडाभोवती लांब काळ्या सुया, आणि उणे २० च्या आसपासही तगणारा. आकड्यावर भुलून लंडनच्या माणसाने तो लावला तर झाड मरत नाही, पण वाढतही नाही. वर्षाला एखादे पान काढून ते बसून राहते, कारण इंग्लंडचा उन्हाळा त्याला उन्हाळा वाटतच नाही. जळलेली पाने भरून काढायची तर ऊब लागते. याउलट न्यू जर्सीत हिवाळा लंडनपेक्षा कितीतरी कडक, पण जुलै-ऑगस्ट घामट. तिथे नीडल पाम खूश असतो. तिथल्या एडिसन गावाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना अंगणात माडाची आठवण जपायची असेल, तर त्यांनी आधी नीडल पाम लावावा, चुसानच्या नादी नंतर लागावे. चुसान पाम हा मुळात गार, ढगाळ उन्हाळ्यात समाधान मानणारा, म्हणूनच तो इंग्रजांच्या इतका पथ्यावर पडला.

आकडा कसा फसवतो याचा मोठा धडा फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासने घेतला. डॅलसला पारा उणे १९ पर्यंत घसरला आणि जवळपास सहा दिवस शून्याच्या वर आलाच नाही. एरवीच्या सौम्य हिवाळ्यांच्या भरवशावर रस्तोरस्ती लावलेले उंच वॉशिंग्टोनिया पाम राज्यभर शेकड्यांनी गेले. तिथलाच रानटी, कमरेएवढा बुटका पामेटो मात्र जिथल्या तिथे राहिला. त्याचा कोंब जमिनीखाली असतो.

ज्यांच्या गावी हिवाळा खरोखर बोचरा आहे, ते काय करतात? जर्मनीतल्या हौशी बागवानांची पद्धत बघण्यासारखी आहे. नोव्हेंबरअखेरीस पाने वर गोळा करून सुतळीने सैल बांधायची. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा हातभर थर. मग झाडाच्या चारी बाजूंना खांब रोवून त्यांना थर्माकोलच्या जाड, टणक पाट्या ठोकायच्या आणि वर उतरते झाकण. आत खोडाला दिव्यांची माळ गुंडाळायची, आणि पारा शून्याच्या खाली गेला की माळ आपोआप पेटेल असा थर्मोस्टॅट लावायचा. यात एक अडचण अलीकडे उभी राहिली. जुने तारेचे बल्ब विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच घालवत, म्हणून ते या कामाला उत्तम होते. युरोपने ते बाजारातून हटवले आणि त्यांच्या जागी आलेल्या एलईडी माळा दिसतात छान, पण ऊब जवळजवळ शून्य. आता मंडळी पाण्याच्या नळांना गोठू न देणारी तापवायची केबल वापरतात.

खोक्याचा हेतू झाडाला उबदार ठेवणे हा नाही, हे इथे सांगायला हवे. आत १५-२० अंश झाले तर पाम वाढायला लागतो आणि ती कोवळीक पुढच्या थंडीत जाते. आत उणे तीन-चार असले तरी चालते. कोरडे मात्र हवे. म्हणून दुपारी ऊन असेल तर झाकण उचलून हवा खेळू द्यायची. आणि प्लॅस्टिकच्या कागदात झाड घट्ट गुंडाळणे हा तर सर्वांत वाईट प्रकार, कारण आत घाम धरतो आणि बर्फ न पडताही कोंब कुजतो. ज्यांच्याकडे पारा वर्षातून दोनचार रात्रीच उणे दहाला जातो त्यांनी एवढा खटाटोप करू नये. शेंड्यावर पावसापुरते छप्पर, बुंध्याशी पालापाचोळा, उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा, बस्स. लावायचे मात्र मे महिन्यात. सप्टेंबरात सवलतीत मिळते म्हणून आणलेले रोप मुळे पसरायच्या आतच हिवाळ्याच्या तोंडी जाते.

निकाल मार्चमध्ये लागतो, कधी त्याहूनही उशिरा. थंडीत मेलेला पाम लगेच मेलेला दिसत नाही, पाने आठवडेच्या आठवडे हिरवी राहतात. म्हणून मधल्या न उघडलेल्या पानाची सुई दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघतात. घट्ट असेल तर निश्चिंत व्हावे. सरकन हातात आली, बुडाशी तपकिरी आणि कुजका वास, तर कोंबाशी सड लागली आहे. तरी झाड लगेच उपटू नये. सडलेला भाग खरवडून काढायचा, तांब्याचे बुरशीनाशक ओतायचे, वरून पाणी पडू द्यायचे नाही आणि जुलैपर्यंत वाट बघायची. सड वरवरची असेल तर अर्धवट कापल्यासारखी दिसणारी, वेडीवाकडी पाने बाहेर येतात. तो कोंब जिवंत असल्याचा पुरावा.

या पामकुळीचे एक घराणे आपल्याकडेही आहे. कुमाऊँत, पिठोरागडजवळच्या थलकेदारच्या डोंगरावर, दोन हजार मीटरच्या आसपास, ओकच्या रानात ट्रॅकिकार्पस ताकिल वाढतो. हिवाळ्यात तिथे बर्फ असतो. इटलीच्या ओदोआर्दो बेक्कारीने १९०५ साली त्याला हे नाव दिले. तंतूंसाठी तोड होऊन रानातली त्याची संख्या बरीच घटली. युरोपातल्या हौशी लोकांना हिमालयातला पाम म्हणजे जास्त थंडीसोशिक असणार अशी खात्री, त्यामुळे ‘ताकिल’ या नावाने बियांचा धंदा तेजीत आला, आणि त्यातून उगवलेली बरीच झाडे साधी चुसान निघाली.

आणि जिथे हा सगळा खटाटोप करावाच लागत नाही तिथे काय होते? दक्षिण स्वित्झर्लंडमधल्या तिचिनो भागात, लुगानो आणि माज्जोरे तळ्यांच्या काठी, चुसान पाम कुंपण ओलांडून रानात शिरला आहे. निळसर काळी फळे पक्षी खातात, बिया चेस्टनटच्या सावलीत पडतात आणि रुजतात. पूर्वी ही रोपे पहिल्याच कडक हिवाळ्यात मरत. हिवाळे सौम्य होत गेले आणि ती जगू लागली. काही ठिकाणी रानाच्या तळाशी पामच्या पंख्यांशिवाय दुसरे काही उगवायला जागा उरलेली नाही. पोस्टकार्डांवर तिचिनोची ओळख म्हणून मिरवणाऱ्या या झाडाची विक्री स्विस सरकारने १ सप्टेंबर २०२४ पासून बंद केली. आधीपासून बागेत असलेली झाडे ठेवता येतात, पण फळे पिकण्याआधी मालकाने तुरे कापून टाकावेत, एवढी अपेक्षा असते.

त्याच बंदीच्या यादीत चीनमधूनच आलेले एक जांभळे, फुलपाखरांचे लाडके झुडूप आहे, बुडलेया. दुसऱ्या महायुद्धात बाँबने उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या ढिगाऱ्यांवर ते कसे फोफावले, ते पुढच्या आठवड्यात.