पिवळे पान आणि चुनखडीची जमीन

संत्र्याचे झाड बोलत नाही. परंतु पानांच्या द्वारे ते आपली फिर्याद रोजच्या रोज नोंदवीत असते. ती वाचता न आल्यामुळे प्रस्तुत लेखकाच्या हातून जी चूक घडली, ती इतर कास्तकार बंधूंच्या हातून घडू नये, एवढ्याच हेतूने हा अनुभव येथे मांडीत आहे.

महसूल खात्यातील कारकुनीतून निवृत्त झाल्यावर आर्वी तालुक्यातील आमची वडिलोपार्जित बाग मी स्वतः पाहू लागलो. रासायनिक खत घालावयाचे नाही असा निश्चय केला. शेणखत, निंबोळीची पेंड व जीवामृत यांवर दोन वर्षे बाग बरी चालली. तिसऱ्या वर्षी पावसाळ्याअखेर शेंड्याची नवी पालवी पिवळी फुटली. शिरा तेवढ्या हिरव्या. झाडे उपाशी आहेत असे समजून मी शेणखत दुप्पट केले, तेही अर्धवट कुजलेले. चुलीतील राख झाडास मानवते या ऐकीव समजुतीने प्रत्येक आळ्यात घमेलेभर राख टाकली, आणि पाणीही वाढविले. परिणाम उलटा झाला. पुढील पालवी पांढुरकी आली, शेंडे वाळले, आणि आंबिया बहाराची फुले धरली न धरली तोच गळून गेली. वर्षाचे उत्पन्न तर बुडालेच, पण अकरा झाडे कायमची गेली.

मग शहाणपण सुचले व माती तपासून घेतली. सामू 8.3 निघाला, चुनखडी भरपूर. ज्या काळ्या दगडापासून आमची माती झाली त्यात लोह मुळातच विपुल असते. म्हणजे माल घरात होता, पण झाडाच्या हाती लागत नव्हता. सातबाऱ्यावर नाव असावे आणि प्रत्यक्ष ताबा नसावा, अशी प्रकरणे मी उभा जन्म पाहिली. तसेच हे प्रकरण होते.

सामू म्हणजे मातीच्या आम्लतेचे माप. 7 हा अंक उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. एका अंकाचा फरक म्हणजे दहापटीचा फरक, हे ध्यानात ठेवावे. जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत आमच्याकडील जमिनींची काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी प्रतवारी आढळते. त्यांपैकी मोरंड ही चुनखडीच्या खड्यांसाठी प्रसिद्धच आहे. अशा जमिनीत लोह, जस्त व मँगनीज ही द्रव्ये न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडतात, व स्फुरद चुन्याशी बांधला जातो. त्यात पाणी साचले म्हणजे मुळांचा श्वास कोंडतो, आणि कोंडलेल्या वायूमुळे मातीतील पाण्यात बायकार्बोनेट वाढून लोह घेण्याची मुळांची शक्ती आणखी घटते. मी पाणी वाढवून नेमके हेच केले. राख स्वतःच विम्ल. तिने आगीत तेल ओतले. कच्चे शेणखत कुजविण्यासाठी जंतूंनी मातीतील नत्र खाल्ले, ते वेगळेच.

म्हणून उपायापूर्वी पान वाचावे. पहिला प्रश्न हा की, पिवळेपणा नव्या पानांवर आहे की जुन्या? नवे पान पिवळे व शिरा हिरव्या, तर लोहाची उणीव. नवी पाने लहान, अरुंद, झुपक्याने येणारी व शिरांमध्ये पिवळे पट्टे असणारी, तर जस्ताची. जुनी पाने सरसकट फिकट, तर नत्राची. जुन्या पानाच्या कडा पिवळ्या पडून देठाकडे हिरवा त्रिकोण उरला, तर मॅग्नेशियमची. मात्र सर्वच झाड मलूल असेल, तर आधी मूळ उकरून पाहावे. ते काळे व कुजके निघाल्यास रोग किंवा साचलेले पाणी यांचा विचार प्रथम करावा.

काय करू नये, तेही सांगतो. गंधक घालून चुनखडीच्या जमिनीचा सामू उतरविण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. हिशेब करून पाहा. एक एकरातील वरच्या वीतभर मातीचे वजन 8 ते 9 लाख किलो भरते. त्यात शेकडा 5 चुनखडी धरली तरी ती 40,000 किलोंवर जाते. आणि एक किलो गंधक सुमारे 3 किलो चुनखडी जिरवितो. इतका गंधक घालण्याची ऐपत कोणाची आहे? जिप्सम हे सोडियमयुक्त चोपण जमिनीचे औषध आहे, नुसत्या चुनखडीचे नव्हे. रॉक फॉस्फेटही विम्ल जमिनीत विरघळत नाही. घालावयाचेच तर ते कंपोस्टच्या ढिगात घालून कुजवावे.

तेव्हा सगळी जमीन बदलण्याचा हट्ट सोडून मुळाभोवतीची जागा सुधारावी. आम्ही पुढील क्रम धरला. प्रथम चर खणून साचणारे पाणी काढले व खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळी केली. राख बंद केली. दोन ओळींमध्ये ताग पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडला. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे 1924 ते 1931 या काळात जी कंपोस्टची पद्धत बसविली, तिच्याप्रमाणे ढीग वेळोवेळी उलथून तीन महिन्यांनी पुरते कुजलेले खतच वापरले. तात्काळ उपाय म्हणून 100 लिटर पाण्यात 500 ग्रॅम जस्त सल्फेट व 250 ग्रॅम चुन्याची निवळी मिसळून नव्या पालवीवर फवारले, व लोहासाठी त्याच प्रमाणात हिराकस स्वतंत्रपणे फवारला. हा चुना पाने करपू नयेत म्हणून. तो पानावर जातो, आळ्यात नव्हे. सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्यांनी मात्र मातीचा अहवाल दाखवून प्रमाणीकरण संस्थेची लेखी परवानगी आधी घ्यावी. नवी लागवड करणाऱ्यांनी चुनखडीच्या जागी जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाच्या खुंटावरील कलमांचा विचार करावा; तो खुंट चुनखडी अधिक सोसतो.

मातीचा नमुना धुऱ्याजवळून किंवा उकिरड्याजवळून घेऊ नये. बागेसाठी 1, 2 व 3 फूट खोलीचे नमुने वेगवेगळे घ्यावेत. कारण चुनखडी बहुधा खालच्या थरात दडलेली असते. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 2015 पासून चालू आहे. पत्रिका मिळाली असल्यास ती पेटीत न ठेवता वाचावी.

दोन पावसाळे उलटल्यावर आमची पालवी हिरवी झाली. गेलेली अकरा झाडे परत आली नाहीत. त्यांच्या रिकाम्या आळ्यांपाशी आजही मी थांबतो, आणि राखेचे ते घमेले आठवते. माती तपासण्यास जो खर्च आला, तो त्यांतील एका झाडाच्या एका बहाराहूनही कमी होता.