पत्र्यावरचा दगड आधी उतरवा!

१० जुलै २०२४, सकाळी ७.१४. हिंगोलीत ४.५ रिश्टरचा भूकंप झाला अन् आपलं वाशिमही हललं. तुम्ही काय केलं? बाहेर पळालात की थेट स्टेटस टाकलं?

अभ्यासिकेत असाल तर टेबलाखाली शिरा, त्याचा पाय घट्ट धरा. जिन्याकडे धावू नका. पाटणी चौकात गाडीवर असाल तर विजेच्या तारा, दुकानांचे बोर्ड टाळून थांबा.

पण खरा धोका घरावरच आहे. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड हादऱ्याने थेट डोक्यात येतात. मार्च २०२४च्या धक्क्यांनंतर मराठवाड्यात प्रशासनानेही ते काढायला सांगितलं होतं. किल्लारीत १९९३ साली पहाटे ३.५६ला माणसं झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली.

पत्रे हुक-बोल्टने आवळून घ्या. आजोबा कुरकुरतील, तरी शिडी लावाच.