मीटर खरं बोलला, चुकलो आम्ही

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं की, डोंगरावरचा धूर आणि अग्नी सोडला तर न्यायशास्त्राचा आज काही उपयोग आहे का? त्याचं उत्तर आज आमच्याच फजितीतून देतो.

आम्ही कोलशेतला राहतो. खाडी जवळ, हवा दमट. गेल्या पावसाळ्यात पत्नीला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी घेऊन निघालो आणि घोडबंदर रस्त्यावर गाडी बंद पडली. सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. तारीख हुकली.

आता जरा रचना समजून घेऊ. पेट्रोल गाडीत इंधनाचा पंप बहुधा टाकीतच असतो. चावी फिरवली की कॉम्प्युटर रिलेला हुकूम देतो आणि दोन-तीन सेकंद मागून बारीक घूं असा आवाज येतो. वीज बॅटरीतून फ्यूज, रिले, वायर, कपलर असं करत पंपापर्यंत जाते आणि गाडीच्या बॉडीतून परत येते. या परतीच्या वाटेला गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात.

आमच्या गाडीत तो आवाज येत नव्हता. फ्यूज ठीक होता. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, म्हणून अदलाबदल करून पाहिली. हॉर्न वाजला, पंप गप्पच. म्हणजे रिले निर्दोष. हा झाला अन्वय-व्यतिरेक. मग पंपाचा कपलर काढून आम्ही मीटर लावला आणि चावी फिरवायला लावली. 12 व्होल्ट! आम्ही ऐटीत सांगितलं, ‘वीज पोहोचतेय, म्हणजे वायरिंग चांगलं. पंपच गेला.’ पंप बदलला. दोन दिवस गाडी चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद.

चूक कुठे झाली? धूर असेल तिथे अग्नी असतो, हे खरं. पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं इंधन लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. तसंच वायर चांगली असेल तर 12 व्होल्ट दिसतात. पण 12 व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली, असं नाही. इथली उपाधी आहे लोड.

बघा, मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण 12 व्होल्ट दिसतात. पंपाला मात्र काही अँपिअर लागतात. जोडात फक्त 1 ओहम अडथळा असला आणि 5 अँपिअर वाहू लागले, तर तिथेच 5 व्होल्ट खर्च होतात. पंपाला उरतं काय? मीटर खोटं बोलला नाही हो, आम्हीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला.

शेवटी एका वयस्कर वायरमननी कपलरला इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब जोडला. तो मिणमिणला. बल्ब लागलेला असतानाच त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं कपलरच्या अर्थाच्या पिनला लावलं. तिथे शून्याच्या आसपास आकडा हवा. आला जवळजवळ 4. मागच्या सीटखालचा अर्थाचा बोल्ट गंजला होता. पंप बदलताना ती वायर हलली, म्हणून दोन दिवस सुख. बोल्ट घासून पुन्हा आवळला आणि गाडी सुरू झाली. आमचा जुना पंप चांगलाच होता.

एक सावधगिरी. टाकीजवळ पेट्रोलची वाफ असते. पंप उघडून ठिणगी पाडून बघणं हा प्रयोग नव्हे, आत्मघात आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर तिथे तपासणीच करू नका.

चाळीस वर्षं हेत्वाभास शिकवून आम्ही स्वतःच त्यात सापडलो. ‘अर्थ’ नीट लागला नव्हता, दुसरं काय! तेव्हा पुरावा हाती आला की एवढंच विचारा: माझं म्हणणं खोटं असतं, तरीही हा पुरावा असाच दिसला असता का? उत्तर ‘हो’ आलं, तर खिशात हात घालू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.